नकाशाचे किती घेता?

आम्ही आर्किटेक्ट, आमच्या ऑफिसात आल्यावर पहिला प्रश्न बहुतेक हाच असतो, "साहेब, नकाशाचे किती घेता?" रास्त प्रश्न आहे, घर बांधायचं म्हणजे पैशाचा हिशोब आधी करावाच लागतो. पण नकाशा हे आमच्या कामातलं थोडकंच काम, बाकीचं लोकांना दिसत नाही म्हणून हे पान छापलंय.

आधी शिक्षणाचं. बारावीनंतर ५ वर्षांचं बी.आर्क., म्हणजे आर्किटेक्टची पदवी, त्यानंतर कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडं नोंदणी. १९७२ च्या कायद्यानं नोंदणीशिवाय कुणाला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही, त्यामुळं आमच्याकडं या नाहीतर दुसऱ्या कुणाकडं जा, नोंदणी नंबर बिनधास्त विचारा.

आमचा दिवस साइटवरच सुरू होतो. स्लॅब भरायचा असेल तर काँक्रीटची गाडी यायच्या आत लोखंड बघावं लागतं, रिंगा किती अंतरावर बांधल्यात, कॉलमला ४० मिमी कव्हर, म्हणजे लोखंडाच्या बाहेर काँक्रीटचा थर, सुटलंय का, कव्हर ब्लॉक टाकलेत की नुसते दगडाचे तुकडे सारलेत, कारण एकदा काँक्रीट पडलं की आत काय आहे ते कुणालाच दिसत नाही. लोखंडाचं डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनिअर करतो, त्याची फी वेगळी असते, ती वाचवू नका. लातूर-धाराशिवच्या माणसाला हे जास्त सांगायची गरज नाही, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारीकडं मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि वरचं मातीचं जड माळवद झोपेतल्या माणसांवर कोसळलं. भिंत जाड म्हणजे घर मजबूत असं नसतं, घर एकमेकाला बांधलेलं पाहिजे.

दुसरं म्हणजे आपली काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि वरचं घर वर-खाली करते. "शेजाऱ्यानं ४ फुटावरच पाया घेतलाय" असं गुत्तेदार म्हणाला तरी आम्ही आधी खड्डा घेऊन मुरूम कुठं लागतो ते बघतो, या एका खड्ड्यावरून आमचं लोकांशी लई वेळा वाजलंय आणि तरी आम्ही तो सोडत नाही.

दुपारी ऑफिस. ड्रॉइंग, परवानगीची फाइल, कुठं किती जागा सोडायची याचा हिशोब. पश्चिमेच्या भिंतीला मोठी खिडकी मागतात तेव्हा मे महिन्यातली दुपार आठवून द्यावी लागते. पाण्याची टाकी आणि छताचं पाणी कुठं मुरवायचं हे नकाशात पहिल्याच दिवशी येतं, २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं हे आम्ही विसरलेलो नाही.

क्युरिंगचं, म्हणजे नवं काँक्रीट ओलं ठेवायचं, मात्र तुमच्यावर आहे. उन्हाळ्यात कमीत कमी १० दिवस, जमलं तर १४ दिवस पाणी मारा, आम्ही काही रोज येऊ शकत नाही.

फी एकदम घेत नाही, टप्प्याटप्प्यानं घेतो आणि कोणत्या टप्प्याला साइटवर किती चकरा ते आधीच कागदावर लिहून देतो.

पहिल्यांदा येताना ७/१२ किंवा पीआर कार्ड (गावठाणातल्या-शहरातल्या जागेचं मालमत्ता पत्रक), मोजणीचा नकाशा घेऊन या, आणि स्वयंपाकघरात रोज उभं राहणाऱ्या माणसाला सोबत आणा, ओटा कुठं पाहिजे ते त्यांनाच विचारायचंय.