चाप, लाकूड आणि पाऊस: कोकणातल्या ‘थ्री-फिफ्टीन’च्या नेमामागचा इतिहास

भात पसवायला लागलं की कोकणात रात्रीची राखण सुरू होते. डबे वाजतात, फटाके फुटतात, बॅटरीचा झोत मेरेवरून फिरतो. एका रात्रीत रानडुकरांचा कळप खाचर लोळवून जातो, तेव्हा ज्या घरात शेतीसंरक्षणाचा परवाना आहे तिथली बंदूक खाली उतरते. बहुतेक ठिकाणी ती ठासणीची असते किंवा बारा बोरची. मोजक्या घरांत मात्र इशापूरच्या कारखान्यातली .३१५, म्हणजे ‘थ्री-फिफ्टीन’, बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल आहे (हाताने बोल्टचा दांडा मागे-पुढे सारून भरायची). तिच्याबद्दलची तक्रार मी लहानपणापासून ऐकत आलोय: उन्हाळ्यात नेमावर बसणारी गोळी पावसात भलतीकडे जाते आणि चापही हाताला निराळा लागतो.

माझ्या काकांकडे ही रायफल होती. “पावसात हिचो चाप वेगळो लागता,” असं ते म्हणायचे आणि ऐकणारे हसायचे. काकांचं म्हणणं खरं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

बोल्ट-अ‍ॅक्शन जन्माला आली ती सैन्यासाठी. प्रशियाने १८४१ मध्ये ड्रेझची सुईची बंदूक स्वीकारली. पुढे जर्मनीत पॉल माउझरने हीच कल्पना घासूनपुसून १८९८ च्या रायफलीपर्यंत नेली. ब्रिटिशांनी जेम्स पॅरिस ली यांचा बोल्ट घेतला. त्यातून १८८८ ची ली-मेटफर्ड, १८९५ ची ली-एनफिल्ड आणि १९०७ ची आखूड मार्क ३ आली. कलकत्त्याजवळच्या इशापूरला १९०४ मध्ये रायफलींचा कारखाना उभा राहिला आणि तिथं हीच मार्क ३ वर्षानुवर्षं घडत राहिली.

ब्रिटिश सरकारला इथल्या लोकांच्या हातात लष्करी काडतूस नको होतं. चोरलेलं .३०३ काडतूस खासगी रायफलीत चालू नये, असा त्यामागचा हिशेब. म्हणून बोअर, म्हणजे नळीच्या आतला व्यास, बदलला गेला. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या मॅनलिखर रायफलीचं ८ मिलिमीटरचं काडतूस घेऊन इंग्लंडच्या बीएसए कंपनीने हिंदुस्थानसाठी .३१५ रायफली बनवल्या. स्वातंत्र्यानंतर इशापूरने तीच वाट धरली. काडतुसं आपल्या पुण्याजवळच्या खडकीची. .३०३ आजही खासगी परवान्यावर मिळत नाही. १९८० च्या दशकात परदेशी बंदुकांची आयातही सर्वसामान्यांसाठी बंद झाली आणि ज्याला बोल्टची रायफल हवी त्याच्यापुढे मुख्यतः थ्री-फिफ्टीनच उरली.

काडतूस बदललं, पण चाप शिपायाचाच राहिला. तो दोन टप्प्यांत ओढला जातो. ली-एनफिल्डच्या लष्करी मोजमापात पहिल्या टप्प्याला ३ ते ४ पौंड आणि दुसऱ्याला ५ ते साडेसहा पौंड ओढ ठरलेली होती. गारठलेल्या बोटांनी, धावपळीत किंवा रायफल हातातून पडल्यावर बार उडू नये यासाठी ती जड ठेवली होती, आणि पलटणीसाठी ते योग्यच होतं. पण साडेसहा पौंड म्हणजे जवळजवळ तीन किलो. एवढा जोर एका बोटाने लावताना सगळा पंजा आवळला जातो आणि नळीचं तोंड हलतं. नेम धरायच्या पुढच्या आणि मागच्या माशीमधलं अंतर सुमारे अर्धा मीटर धरलं, तर पुढची माशी एक मिलिमीटर सरकली की पन्नास मीटरवर गोळी दहा सेंटिमीटर चुकते. कोकणातल्या गचपणात डुक्कर याहून लांब क्वचितच दिसतं. त्यामुळे इथं रायफलीचा नेम म्हणजे मुख्यतः चापाचा प्रश्न. दहा सेंटिमीटर चुकलेली गोळी फुप्फुसाऐवजी पोटात जाते आणि ते जनावर रात्रभर करवंदीच्या जाळीत तडफडत राहतं. मी ते एकदा सकाळी पाहिलं आहे. म्हणून हा विषय मला निव्वळ यंत्राचा वाटत नाही.

आता पावसाकडे येतो. माउझरमध्ये चाप आणि त्याला लागून असलेला, बार सोडणारा खटका ही जोडी थेट रायफलीच्या पोलादी बॉडीला पिनेने बसवलेली असते. ली-एनफिल्डच्या मार्क ३ मध्ये खटका बॉडीवर असतो, पण चाप बसतो खालच्या ट्रिगर गार्डमध्ये. बॉडी आणि गार्ड यांच्या मधे असतं लाकूड. चापाच्या माथ्यावर दोन बारीक उंचवटे असतात. पहिला खटक्याला टेकतो तो पहिला टप्पा, दुसरा टेकतो तो दुसरा. लाकूड फुगलं की गार्ड केसभर खाली सरकतो, चाप खटक्यापासून लांब जातो आणि पहिला टप्पा लांबतो. लाकूड सुकून आकसलं की उलट होतं: ढील कमी होते, कधी पहिला टप्पा जवळजवळ नाहीसाच होतो.

रत्नागिरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही मुख्यतः चार महिन्यांत. देवघराचं दार ज्या घरात आषाढात चौकटीत अडकतं, त्याच घरात भिंतीवरच्या रायफलीचं लाकूड कोरडं कसं राहील? शिवाय पुढचं लाकूड नळीला दाबतं. तो दाब बदलला की बार उडताना नळी निराळी थरथरते आणि गोळ्यांचा पुंजका सरकतो. चाप आणि पुंजका दोन्ही एकाच कारणाने बदलतात, त्यामुळे दोष नेमका कुठला हे ओळखणं कठीण जातं. खडकीच्या काडतुसांना शिव्या घालणारे अनेक जण मला भेटले. त्यांतल्या कितींनी दस्त्याचे स्क्रू तपासले होते, देव जाणे.

हा दोष ब्रिटिशांनाही ठाऊक होता. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी नंबर ४ रायफलीची मार्क २ आवृत्ती काढली, तेव्हा चाप गार्डमधून काढून थेट बॉडीवर बसवला. इशापूरचा नमुना मात्र जुन्या मार्क ३ चा, त्यामुळे ही सुधारणा आपल्या थ्री-फिफ्टीनपर्यंत पोचली नाही. अमेरिकेत शिकारीच्या रायफलींचे चाप केव्हाच हलके आणि जुळवता येण्यासारखे झाले होते. सॅव्हेज कंपनीचा अ‍ॅक्यूट्रिगर नावाचा चाप २००३ च्या सुमारास आला, तेव्हा तर हलका चाप आणि सुरक्षितता दोन्ही साध्या किमतीच्या रायफलीत मिळू लागली.

१९७२ चा वन्यजीव कायदा आणि १९९१ ची दुरुस्ती यांनंतर हौसेची शिकार संपली, आणि ते बरंच झालं. डुक्कर मारायचं तर वन खात्याची परवानगी लागते. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा होते, मग भात उभं असलं तरी. उरलेल्या थोड्या दिवसांत, लाकूड सगळ्यात जास्त फुगलेलं असताना, ही रायफल वापरायची असते.

काकांची स्वतःची रीत होती. खंडेनवमीला पूजेत मांडण्याआधी ते बोल्ट काढून नळी आणि काडतुसाची खोबण रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासत. मग दस्त्याचे स्क्रू बघत, बोल्ट परत बसवत आणि भिंतीकडे तोंड करून चाप पाच-सहा वेळा सावकाश ओढत. पहिला टप्पा कुठे संपतो ते बोटाला कळेपर्यंत. नंतरच झेंडूचं फूल नळीवर यायचं.