भिंतीपेक्षा काच जास्त, पण थंडीचं काय?

इंग्लंडमध्ये डर्बीशायरला टेकडीवर हार्डविक हॉल म्हणून एक हवेली आहे, 1590 च्या दशकातली, आणि तिच्याबद्दल तिकडे म्हणच पडलीये की हार्डविकला भिंतीपेक्षा काच जास्त. मालकीण बेस ऑफ हार्डविक. चार लग्नं झालेली, चौथा नवरा अर्ल म्हणजे बडा सरदार, तो 1590 मध्ये गेला तेव्हा बाईंनी साठी ओलांडलेली आणि पैसा रग्गड. तेव्हा काच महाग, म्हणजे खिडक्या लावणं हा सरळ श्रीमंतीचा शो. वर सहाही टॉवर्सच्या माथ्यावर स्वतःची ई आणि एस ही (एलिझाबेथ श्रूजबरी या खऱ्या नावाची) आद्याक्षरं दगडात बसवली ती वेगळीच!

पण एवढ्या खिडक्या काढल्यावर वरचं ओझं पेलतं कोण? हवेलीचा आराखडा ज्याचा मानतात तो रॉबर्ट स्मिथसन मूळचा पाथरवट, त्याला हे हिशेब पाठ. त्याने घराच्या आत जाड भिंती घेतल्या आणि शेकोट्या नि त्यांची धुराडी बरीचशी त्यांच्यातच घातली, त्यामुळे बाहेरची बाजू काचेला मोकळी राहिली. खिडक्याही वर जावं तशा उंच होत जातात, कारण तळमजल्यावर नोकरचाकर, मधे बाई आणि बड्या पाहुण्यांची दालनं सगळ्यात वर. मोठी काच तेव्हा बनायचीच नाही, म्हणून फुंकून केलेल्या काचेचे छोटे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत जोडलेत.

आता थंडी. काच हा पदार्थच दगडापेक्षा पटकन उष्णता नेतो असं आपल्याला वाटतं, पण तसं काही नाही, खरा फरक जाडीचा आहे, दगडी भिंत काही फूट आणि काच जेमतेम काही मिलिमीटर. शिवाय गार काचेला लागलेली हवा जड होऊन खाली उतरते आणि खोलीभर गारठा फिरतो, मग शेकोटी कितीही पेटवा.

यावर उपाय म्हणजे जमिनीवर लव्हाळ्याच्या चटया आणि भिंतीवर लोकरीचे विणलेले पडदे, मागे हवा अडकते ना. लाँग गॅलरी या लांबलचक दालनातले, बायबलमधल्या गिडियनच्या कथेचे 13 पडदे बाईंनी सेकंडहँड घेतले, आणि त्यांच्यावर आधीच्या मालकाचं घराण्याचं चिन्ह होतं ते झाकावं लागणार म्हणून 5 पौंड कमी करून घेतले. पैसेवाली माणसं अशीच असतात बहुतेक. पण ऊन लागलं की नैसर्गिक रंग विटतात आणि लोकर ठिसूळ होते, त्यात शेकडो वर्षांची धूळ नि काजळी, या 13 पडद्यांची दुरुस्ती दोन दशकांहून जास्त चालली, 2023 मध्ये कुठे संपली.