काढ्यातली प्रथिने आणि पावसाळी ताप
रत्नागिरी-सिंधुदुर्गात पावसाळी तापावर काढा देताना ‘यातली प्रथिने जंतू मारतात’ असे ठामपणे सांगितले जाते. प्रयोगशाळेपुरते ते काही अंशी खरे आहे: डिफेन्सिन ही साधारण ४५ ते ५४ अमिनो आम्लांची वनस्पती-प्रथिने मुख्यत्वे बुरशीची आणि काही जिवाणूंची वाढ रोखतात, मात्र तेथे ती शुद्ध करून, मोजून थेट जंतूंवर टाकलेली असतात. काढा उकळताना बहुतेक प्रथिनांची घडी, म्हणजे त्यांच्या कामासाठी लागणारा आकार, मोडते. चार डायसल्फाइड बंधांमुळे, म्हणजे रेणूला आतून घट्ट बांधणाऱ्या गंधकाच्या दुव्यांमुळे, डिफेन्सिने उष्णता बरीच सोसतात, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही पोटात गेलेली प्रथिने बव्हंशी पचतात आणि रक्तात अखंड पोहोचणारा अंश नगण्य असतो. भातखाचरात राबणाऱ्यांना होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूजन्य पावसाळी तापावर डॉक्सिसायक्लिनसारखे प्रतिजैविक वेळेत मिळावे लागते, कारण उशीर झाल्यास मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.