गाडीवरचा रिपीटर घेण्याआधी
(अग्निशमन दल, रुग्णवाहिका आणि कारखान्यांच्या बचाव पथकांसाठी)

कापसाच्या जिनिंगला आग लागते, जवान गोदामात शिरतो आणि त्याचा वॉकीटॉकी कंट्रोल रूमसाठी मुका होतो. चहूबाजूंनी पत्रा, पाणी मारलेल्या गठाणींच्या थप्प्या आणि हातातल्या सेटची ताकद जेमतेम 5 वॅट. बाहेरच्या बंबापर्यंत आवाज येतो, पुढे जात नाही. तोरणमाळच्या किंवा कन्नडच्या घाटात तर डोंगरच आडवा.

गाडीवरचा रिपीटर तो आवाज पकडतो आणि गाडीतल्या 25 ते 50 वॅटच्या सेटवरून पुढे पाठवतो. कंट्रोल रूमचं बोलणंही त्याच वाटेने जवानापर्यंत येतं. पण गाडीचा स्वतःचा सेटच दरीतून लागत नसेल तर रिपीटर काही करू शकत नाही. अशा वेळी गाडी वरच्या वळणावर, मोकळ्यावर घ्या.

खरं काम बसवण्यात आहे. एकाच टपावर मोठा सेट बोलतो आणि रिपीटर ऐकतो. शेजारी ढोल वाजत असताना कुजबुज ऐकू यावी, असा हा प्रकार. म्हणून शक्य तिथे आम्ही वॉकीटॉकी यूएचएफवर आणि गाडीचा सेट व्हीएचएफवर, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या दोन वेगळ्या पट्ट्यांवर (बँडवर), ठेवतो. दोन्ही एकाच बँडवर हवे असतील तर मोठ्या सेटचा ढोल रिपीटरच्या कानाआड ठेवणारा फिल्टर लागतो, अँटेनांत जास्त अंतर लागतं, खर्चही वाढतो. फिल्टर वाचवून स्वस्तात बसवून द्या, असं कोणी म्हटलं तर आम्ही काम घेत नाही.

मोठ्या आगीला दोन-तीन नगरपालिकांचे बंब येतात. सगळ्यांचे रिपीटर एकाच फ्रिक्वेन्सीवर चालू राहिले तर एकमेकांवर बोलतात आणि कोणाचंच कळत नाही. काही मॉडेल आपसात क्रम लावून एकालाच चालू ठेवतात. तुमचं तसं नसेल तर पहिली गाडी चालू, बाकीच्या बंद, हा नियम चालकांना पाठ हवा.

आत शिरलेल्या जवानांचं आपसातलं बोलणं मात्र थेट चॅनेलवरच ठेवा. गाडी हलली, रिपीटर बंद पडला, तरी शेजारच्या साथीदाराला हाक पोचली पाहिजे.

मोठ्या बंबांची वायरिंग बहुतेक 24 व्होल्टची, रिपीटर 12 चा. दोनपैकी एकाच बॅटरीवरून तार ओढायचा जुगाड करू नका; एक अर्धपोटी राहते, दुसरी जास्त चार्ज होते आणि दोन्ही लवकर बसतात. कन्व्हर्टर लावा. आणि रिपीटर सीटखाली कोंबू नका. सतत बोलणारा सेट तापतोच, त्यात आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांना भिडतो. बंद केबिनचं तर विचारूच नका.

सेट विकत घेतला म्हणजे वापरायची परवानगी मिळाली असं नाही. फ्रिक्वेन्सी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) शाखेकडून मिळते. अर्जाची कागदपत्रं तयार करायला आम्ही मदत करतो.

तपासणीसाठी गाडी आणाल तेव्हा परवान्याची प्रत आणि रोजच्या वापरातला एक वॉकीटॉकी सोबत असू द्या. नवा नको, रोजचाच.