पार्श्वभूमी : जीपीयूवरची कामे आणि डिफॉल्ट स्ट्रीमचा न मिटलेला वाद

जीपीयूचा, म्हणजे ग्राफिक्स प्रोसेसरचा, कोड दोन स्ट्रीममध्ये (कामांच्या दोन स्वतंत्र रांगांमध्ये) लिहिलेला असतो, पण कोणते काम कधी चालले ते दाखवणारा प्रोफाइलर उघडला की कामांच्या पट्ट्या एकीखाली एक न दिसता एकीमागून एक दिसतात. गोव्यात फर्मागुडीला किंवा वेर्ण्याला अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट करणारी मुले हा प्रश्न घेऊन येतात, तेव्हा बहुतेक वेळा उत्तर त्यांच्या कोडमध्ये सापडत नाही. ते कुडाच्या, म्हणजे एनव्हिडियाच्या जीपीयू-प्रोग्रामिंग प्रणालीच्या, अगदी सुरुवातीच्या एका निर्णयात आहे.

कर्नेल, म्हणजे जीपीयूवर चालणारे फंक्शन, लाँच केला की तो संपायची वाट न पाहता सीपीयू पुढच्या ओळीवर जातो, हे कुडाच्या २००७ मधल्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. त्याआधी ग्राफिक्सवाल्यांची सगळी भिस्त ‘जीएलफिनिश’वर असे : सगळे संपेपर्यंत थांबा. नेमक्या एका टप्प्यापर्यंतच थांबण्याची सोय ओपनजीएल या ग्राफिक्स-मानकाच्या प्रमाणित आवृत्तीत २००९ मध्ये, ३.२ सोबत आली. २००८ च्या अखेरीस आलेल्या ओपनसीएल या गणनेसाठीच्या मानकाने तर रांगेत टाकलेल्या प्रत्येक कामाचा इव्हेंट, म्हणजे ते संपल्याची खूण, मागून घेता येईल आणि पुढच्या कामाला अशा इव्हेंटांची यादी देता येईल, अशी रचना केली. वेगवेगळ्या किंवा क्रम न पाळणाऱ्या रांगांमध्ये कोण कोणासाठी थांबणार, हे तिथे लिहूनच द्यावे लागे. कुडाने स्ट्रीमचा मार्ग धरला : एका स्ट्रीममधली कामे टाकलेल्या क्रमाने होतील, वेगळ्या स्ट्रीममधली कशीही. लिहायला हे कितीतरी सुटसुटीत होते, आणि लोकांना ते आवडले यात नवल नाही.

खरा पेच आहे तो स्ट्रीम न सांगता टाकलेल्या कामांचा. ती सगळी डिफॉल्ट, म्हणजे शून्य स्ट्रीममध्ये जातात, आणि या स्ट्रीमला खास वागणूक मिळाली. तिच्यातले काम इतर स्ट्रीममध्ये आधी टाकलेले सगळे संपल्याशिवाय सुरू होत नाही, आणि ते स्वतः संपेपर्यंत नंतर टाकलेले कुठलेच काम सुरू होऊ देत नाही. शिगम्याची मिरवणूक फोंड्याच्या मुख्य रस्त्यावर आली की आधीची वाहने निघून जातात आणि मागची अडकून पडतात, तसेच हे. दोन स्ट्रीमच्या मधोमध एक साधा कर्नेल स्ट्रीम न देता लाँच केला, तर दोन्हीकडची समांतरता तिथेच तुटते. कंपायलर इशारा देत नाही, एरर येत नाही, उत्तरही बरोबरच येते. फक्त वेळ वाढतो.

निर्णयामागे कारण होते. स्ट्रीम यायच्या आधी लिहिलेला कोड सगळे क्रमाने होईल असे धरून चालत होता. त्यात कोणी नवी स्ट्रीम जोडली आणि जुना भाग तिच्याआधी किंवा तिच्यासोबत धावू लागला, तर आकडे चुकले असते, आणि तेही कधीतरीच, म्हणजे सापडायला सगळ्यात अवघड पद्धतीने. चुकीच्या उत्तरापेक्षा हळू उत्तर बरे, हा विचार त्या काळापुरता मला पटतो. तेव्हाची कार्डे एका वेळी एकच कर्नेल चालवत, त्यामुळे नुकसानही फारसे जाणवत नसे.

जाणवू लागले ते २०१० पासून. एनव्हिडियाच्या कार्डांच्या फर्मी पिढीत एकाच वेळी १६ पर्यंत कर्नेल चालू शकत होते, पण हार्डवेअरमध्ये कामांची रांग एकच. त्यामुळे कामे कोणत्या क्रमाने टाकली यावर समांतरता ठरे, आणि जाणकार लोक लाँचच्या ओळी वरखाली करत तासन्‌तास बसत. २०१२ च्या केप्लर पिढीतल्या मोठ्या चिपने ३२ रांगा दिल्या आणि ती अडचण गेली. मागे राहिली ती शून्य स्ट्रीम, आणि आता ती थेट डोळ्यांवर येऊ लागली.

२०१५ मध्ये कुडा ७ ने प्रत्येक सीपीयू थ्रेडला स्वतःची डिफॉल्ट स्ट्रीम देण्याचा पर्याय आणला. पर्यायच, मूळ वागणूक जुनीच राहिली. तो चालू करायला कंपायलरला फ्लॅग द्यावा लागे. सोर्स फाइलच्या माथ्यावर मॅक्रो लिहून भागत नसे, कारण कुडाचा कंपायलर आपले हेडर त्याच्याही आधी स्वतःच ओढून घेई. शिवाय ही नवी स्ट्रीम जुन्या शून्य स्ट्रीमपासून सुटलेली नाही. प्रोग्रामचा एक भाग नव्या पद्धतीने आणि जोडलेली लायब्ररी जुन्या पद्धतीने बांधलेली असेल, तर दोघे एकमेकांसाठी थांबतातच. माझ्या मते मूळ वागणूक तेव्हाच बदलायला हवी होती आणि जुनी ज्यांना हवी त्यांनी फ्लॅग द्यायला हवा होता. जुना कोड मोडला असता हा आक्षेप खरा आहे, पण तो दरवर्षी आणखी खरा होत जातो, आणि नवे शिकणाऱ्यांच्या वाट्याला तीच कोंडी येत राहते.

यातून सुटायचा दुसरा रस्ता म्हणजे नॉन-ब्लॉकिंग फ्लॅग देऊन केलेली स्ट्रीम. ती शून्य स्ट्रीमची पर्वाच करत नाही. पायटॉर्च या मशीन लर्निंगच्या लायब्ररीने आपल्या जादा स्ट्रीमसाठी हेच निवडले, मात्र मुख्य काम शून्य स्ट्रीमवरच ठेवले. म्हणून तिथे चूक उलट्या बाजूने होते. मुख्य स्ट्रीमवर टेन्सर, म्हणजे आकड्यांचा तक्ता, भरायला घेतला आणि लगेच बाजूच्या स्ट्रीमवर त्याची बेरीज केली, तर बेरीज भरण्याच्या आधीही धावू शकते. ‘वेट-स्ट्रीम’ स्वतः लिहावे लागते. आणि तो टेन्सर बाजूच्या स्ट्रीमवर वापरात असतानाच मुख्य बाजूने सोडून दिला, तर ‘रेकॉर्ड-स्ट्रीम’ने मेमरी वाटणाऱ्या अ‍ॅलोकेटरला कळवावे लागते, नाहीतर तीच मेमरी दुसऱ्याला दिली जाते.

नंतरच्या सगळ्या सोयींचा कल थांबणे उघडपणे लिहायला लावण्याकडेच आहे. २०२० मध्ये व्हल्कन या नव्या ग्राफिक्स-मानकाच्या १.२ आवृत्तीने टाइमलाइन सेमाफोर आणला : वाढत जाणारा एक आकडा, अमुक किमतीला पोचेपर्यंत थांबा. त्याच वर्षीच्या अँपिअर पिढीत कार्डाच्या ग्लोबल मेमरीतून चिपवरच्या छोट्या शेअर्ड मेमरीत होणारी कॉपीसुद्धा असिंक्रोनस, म्हणजे संपायची वाट न पाहता पुढे जाऊ देणारी, झाली आणि तिची वाट पाहायला हार्डवेअरमधला बॅरिअर मिळाला. २०२२ च्या हॉपर पिढीमध्ये हा बॅरिअर किती बाइट पोचल्या तेही मोजतो.

सगळ्यात स्पष्ट भूमिका २०१८ च्या कुडा १० मधल्या ग्राफने घेतली. स्ट्रीमवरची कामे एकदा टिपून घ्यायची आणि तोच ग्राफ पुन्हा पुन्हा चालवायचा, अशी ती सोय. शून्य स्ट्रीमवर असे टिपणे सुरूच करता येत नाही. साध्या स्ट्रीमवर टिपणे चालू असताना लायब्ररीतल्या एखाद्या ओळीने शून्य स्ट्रीमला हात लावला, तर ‘स्ट्रीम कॅप्चर इम्प्लिसिट’ हा एरर येतो आणि लपलेले अवलंबित्व नेमक्या कुठल्या कॉलमधून शिरले ते तिथेच सापडते.