स्विस बॉल आधी दवाखान्यात आला, जिममध्ये नंतर

जिमच्या कोपऱ्यात असतो ना तो मोठा हवेचा बॉल, कोणी त्याला जिम बॉल म्हणतं, कोणी स्टॅबिलिटी बॉल, कोणी स्विस बॉल. बरेच जण पाठ दुखायला लागली की कुठेतरी वाचून तो मागवतात, दोन दिवस त्यावर बसतात आणि मग तो पलंगाखाली जातो. मला वाटतं हा बॉल मुळात कशासाठी वापरात आला हे माहीत असलं तर असं होणार नाही, म्हणून हे लिहितेय.

बॉल बनला इटलीत. 1963 साली अक्विलिनो कोसानी नावाच्या प्लास्टिकच्या वस्तू बनवणाऱ्या माणसाने एवढा मोठा आणि सहजासहजी न फुटणारा बॉल साच्यातून काढायची पद्धत बसवली, तेव्हा त्याला पेझी बॉल म्हणायचे. पण त्याचं खरं काम सुरू झालं ते स्वित्झर्लंडमध्ये. तिथे मेरी क्विंटन या ब्रिटिश फिजिओथेरपिस्ट तो तान्ह्या बाळांच्या उपचारात वापरायला लागल्या. म्हणजे बघा, मेंदूच्या त्रासामुळे ज्या बाळाला मान सावरता येत नाही त्याला बॉलवर पालथं ठेवायचं, दोन्ही हातांनी कमरेला धरायचं आणि बॉल अगदी सावकाश पुढे न्यायचा, की बाळ आपोआप डोकं उचलायचा प्रयत्न करतं, कुणी सांगावं लागत नाही, तोल जातोय म्हटलं की शरीर स्वतःच सावरायला बघतं. सगळं तत्त्व एवढंच आहे आणि आजही तेच आहे. पुढे बासेलच्या फिजिओथेरपी स्कूलच्या प्रमुख डॉ. सुझान क्लाइन-फोगेलबाख यांनी मोठ्या माणसांच्या पाठीच्या आणि सांध्यांच्या तक्रारींसाठी बॉलवरचे व्यायाम बसवले. अमेरिकेतले फिजिओ हे बघून परत गेले आणि त्यांनी त्याला स्विस बॉल म्हणायला सुरुवात केली, त्यामुळे बॉल इटलीचा असून नाव मात्र स्वित्झर्लंडचं लागलं.

नव्वदच्या दशकात तो जिममध्ये शिरला, त्यामागे 'कोअर', म्हणजे पोट-कंबरेभोवतीचे धड सावरणारे स्नायू, या शब्दाचा मोठा हात आहे. 1996 साली ऑस्ट्रेलियातल्या पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी दाखवलं की निरोगी माणूस हात उचलतो त्याच्या आधीच पोटातला सगळ्यात खोलवरचा स्नायू आवळला जातो, आणि जुनी कंबरदुखी असलेल्यांमध्ये तो उशिरा आवळतो. मग सगळ्यांनाच कोअर पक्का करायचा होता आणि हलणारा बॉल त्यासाठी सोयीचा वाटला.

त्यानंतर लोक ऑफिसात खुर्चीऐवजी बॉल ठेवायला लागले, ते मला पटत नाही. 2009 साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी बायकांना तासभर बॉलवर आणि तासभर हाताला टेकू असलेल्या खुर्चीवर बसवून टायपिंग करायला लावलं, तर बॉलवर हालचाल जास्त झाली, पाठीच्या स्नायूंनी काम जास्त केलं, पण मणकाही खुर्चीपेक्षा जास्त दबला. बॉल व्यायामाचा आहे, दिवसभर बसायचा नाही.

वजनं घेऊन त्यावर झोपणं तर अजून वेगळं. त्याच 2009 मध्ये फ्रान्सिस्को गार्सिया हा अमेरिकन लीगमधला बास्केटबॉलपटू बॉलवर आडवा होऊन डंबेल उचलत असताना बॉल फुटला आणि त्याच्या हाताचं हाड मोडलं. जास्त हवा भरली की फुटतात म्हणून त्याच वर्षी तिकडे सुमारे 30 लाख बॉल परत मागवले गेले होते. अँटी-बर्स्ट लिहिलेलं असतं त्याचा अर्थ एवढाच की टोचला गेला तर फाटकन न फुटता हळूहळू बसतो, कितीही हवा भरा असा नाही.

माझी पाठ धरली होती तेव्हा आमच्या फिजिओ मॅडमनी मला पहिला आठवडा बॉलवर नुसतं ताठ बसून एक पाय दोन इंच उचलायला लावला, दुसरं काही नाही, आणि तेवढ्यानेच पोटात खोलवर काहीतरी थरथरताना जाणवलं. त्यांनीच सांगितलं, नवीन असाल तर बॉल थोडा मऊ ठेवा, जमिनीला जास्त टेकतो म्हणून कमी हलतो.

साइज 45, 55, 65, 75 सेंमी अशा मिळतात. साधारण पाच फूट ते साडेपाच फुटांपर्यंत 55, त्याहून उंच असाल तर सहा फुटांपर्यंत 65, पण खरी परीक्षा बसल्यावरच होते. तळवे पूर्ण टेकलेले आणि कंबर गुडघ्याच्या बरोबरीने किंवा जरा वर. गुडघे वर आले तर बॉल लहान आहे नाहीतर हवा कमी आहे. हवा भरताना भिंतीवर बॉलच्या साइजएवढ्या उंचीवर, म्हणजे 55 चा बॉल असेल तर जमिनीपासून 55 सेंमीवर, पेन्सिलने खूण करायची, बॉल भिंतीला टेकवून वर जाड पुठ्ठ्याची वही आडवी धरायची. पहिल्या दिवशी वही खुणेच्या खालीच राहू द्यायची, प्लास्टिक ताणायला वेळ लागतो, आणि दुसऱ्या दिवशी खुणेला टेकेपर्यंत भरून पंप बंद करायचा.