ब्राउझरच्या चाचणीत काय दिसतं आणि काय निसटतं

एक पान उघडायचं, 'चाचणी सुरू करा' हे बटण दाबायचं आणि काही सेकंदांत हिरवी खूण मिळवायची: तुमचा ब्राउझर सुरक्षित आहे! अशा चाचण्या उपयोगाच्या असतात. पण त्या खुणेवर आपण जेवढा भरवसा ठेवतो तेवढी तिची पोच नसते. वेबपानाला ब्राउझरच्या आत डोकावता येऊ नये, यासाठीच तर ब्राउझरची सगळी रचना केलेली असते. त्यामुळे चाचणी घेणारं पान बाहेर उभं राहून प्रश्न विचारतं आणि मिळेल त्या उत्तरावरून अंदाज बांधतं.

पहिला प्रश्न आवृत्तीचा. कोणतंही पान मागवताना ब्राउझर सोबत 'यूजर एजंट' नावाची एक ओळ पाठवतो. त्यात स्वतःचं नाव आणि आवृत्ती असते. चाचणीचं पान ती ओळ वाचतं आणि आवृत्ती जुनी आहे का ते सांगतं. मेख इथेच आहे. माग काढणाऱ्यांच्या हाती कमी माहिती लागावी म्हणून क्रोमने 2022 पासून या ओळीत फक्त पहिला आकडा खरा ठेवला आहे, त्यापुढे शून्यं असतात. फायरफॉक्सही छोट्या दुरुस्तीचा आकडा कळू देत नाही. आणि तातडीच्या सुरक्षा दुरुस्त्या नेमक्या त्या मागच्या आकड्यांमध्येच येतात.

सप्टेंबर 2023 मधलं उदाहरण घ्या. वेबपी प्रकारची चित्रं उलगडणाऱ्या 'लिबवेबपी' या कोडमध्ये गंभीर चूक सापडली. विशिष्ट प्रकारे घडवलेलं चित्र उलगडताना हा कोड ठरलेल्या जागेच्या बाहेरच्या मेमरीत लिहीत असे, आणि त्या वाटेने हल्लेखोराला स्वतःच्या सूचना चालवण्याची संधी मिळत असे. कुठे क्लिक करायची गरज नव्हती, चित्र पडद्यावर येणं पुरेसं होतं. हा कोड क्रोम, एज आणि फायरफॉक्स सगळेच वापरत होते. चुकीचा प्रत्यक्ष गैरफायदा घेतला जात असल्याचं गूगलने दुरुस्तीबरोबरच जाहीर केलं. फायरफॉक्समध्ये ही दुरुस्ती 117.0.1 या आवृत्तीत आली. पण यूजर एजंटमध्ये दुरुस्तीआधीची प्रतही 117.0 असंच सांगत होती आणि नंतरचीही. म्हणजे त्या आठवड्यात केवळ ही ओळ वाचणाऱ्या चाचणीला धोक्यातला ब्राउझर आणि दुरुस्त झालेला ब्राउझर यांत काहीच फरक दिसला नसता. क्रोमकडे पूर्ण आकडा वेगळा मागता येतो, पण पानाने तो मागितला तरच.

म्हणून आवृत्तीचा प्रश्न ब्राउझरच्याच मेनूत जाऊन, मदतीखालच्या 'अबाउट' पानावर विचारावा. तिथे पूर्ण आकडा दिसतो, नवं अपडेट आहे का हेही तपासलं जातं. शिवाय एक गोष्ट तिथेच कळते, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते: अपडेट उतरलेलं असतं, पण ब्राउझर बंद करून पुन्हा उघडेपर्यंत जुनाच कोड चालू राहतो. पन्नास टॅब गमावण्याच्या भीतीने ब्राउझर दिवसेंदिवस बंद न करणारे पुष्कळ लोक असतात. क्रोमिअम (क्रोम आणि एज ज्यावर उभे आहेत तो पाया) आणि फायरफॉक्स यांचा कोड खुला आहे, त्यामुळे दुरुस्ती आली की नेमकं काय बिघडलं होतं हे अभ्यासून कुणालाही शोधता येतं. दुरुस्ती जाहीर झाल्यापासून तुम्ही ब्राउझर पुन्हा उघडेपर्यंतचा काळ म्हणूनच जास्त धोक्याचा. ऑगस्ट 2023 पासून क्रोमची सुरक्षा अपडेट्स दर आठवड्याला येतात, ती हा काळ आखडता यावा म्हणूनच.

ब्राउझर आणि संकेतस्थळ यांच्यातल्या जोडणीची परीक्षा मात्र बाहेरून चोख घेता येते. संकेतस्थळ आपली ओळख पटवायला एक डिजिटल प्रमाणपत्र दाखवतं, ते ब्राउझर तपासतो. 'बॅडएसएसएल डॉट कॉम' या संकेतस्थळावर मुद्दाम बिघडवलेली पानं ठेवली आहेत: एकाच्या प्रमाणपत्राची मुदत संपलेली, दुसऱ्याचं प्रमाणपत्र भलत्याच नावाचं, तिसऱ्याचं स्वतःच स्वतःला दिलेलं. यांपैकी प्रत्येक ठिकाणी ब्राउझरने अडवून इशारा द्यायलाच हवा. एखादं पान निमूट उघडलं, तर कुठेतरी गडबड आहे असं समजा. कदाचित मधलं एखादं सॉफ्टवेअर तुमची जोडणी उकलून वाचत असेल. टीएलएस म्हणजे जोडणीतली माहिती कूटबद्ध करण्याची पद्धत; तिच्या 1.0 आणि 1.1 या जुन्या आवृत्त्यांनाही चांगल्या ब्राउझरने नकार द्यावा. प्रमुख ब्राउझरांनी 2020 मध्ये त्यांची साथ सोडायला सुरुवात केली.

सँडबॉक्सची गोष्ट वेगळी. वेबपानाचा कोड अत्यंत तुटपुंजे अधिकार असलेल्या वेगळ्या प्रक्रियेत (संगणकावर स्वतंत्रपणे चालणाऱ्या कामात) चालवायचा, म्हणजे तो फितला तरी तुमच्या फाइलींपर्यंत पोहोचू नये, अशी ही योजना. क्रोम 2008 मध्ये आला तेव्हापासून ती त्यात आहे. 2018 मध्ये स्पेक्टर ही प्रोसेसरमधली त्रुटी उघड झाली आणि एकाच प्रक्रियेतल्या दोन संकेतस्थळांपैकी एकाला दुसऱ्याची माहिती चोरता येईल हे स्पष्ट झालं. त्याच वर्षी क्रोमने संगणकावर प्रत्येक संकेतस्थळासाठी स्वतंत्र प्रक्रिया ठेवायला सुरुवात केली. ही भिंत पक्की आहे का, हे कुठलंही बटण सांगू शकत नाही. त्यासाठी संशोधक ब्राउझरवर वेड्यावाकड्या माहितीचा रात्रंदिवस मारा करतात, याला फझिंग म्हणतात. 2007 पासून भरणाऱ्या 'प्वन टू ओन' स्पर्धेत तर ब्राउझर फोडून दाखवणाऱ्याला बक्षीस मिळतं आणि ती त्रुटी निर्मात्यांना कळवली जाते.

चाचणीच्या पानाने काही डाउनलोड करायला सांगितलं, की ते तिथेच बंद करा. 'तुमचा ब्राउझर धोक्यात आहे, हे साधन बसवा' हा फसवणुकीचा जुना मार्ग आहे.

एक्स्टेंशनांची, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या जादा प्रोग्रामांची, तपासणीही स्वतःच करावी लागते. 'सर्व संकेतस्थळांवरचा तुमचा डेटा वाचणे आणि बदलणे' ही परवानगी ज्याला दिली आहे, ते एक्स्टेंशन बँकेच्या पानावरचा मजकूरही वाचू शकतं. तेव्हा प्रमाणपत्र खरं असतं, सँडबॉक्स शाबूत असतो आणि आवृत्तीही ताजी असते. एक्स्टेंशनांच्या पानावर प्रत्येकासमोर 'तपशील' उघडला की ही परवानगी दिसते. ती केवळ क्लिक केल्यावर किंवा ठरावीक संकेतस्थळापुरती देण्याची सोय क्रोममध्ये तिथेच आहे, आणि जे वापरात नाही ते काढून टाकायचं बटणही.